'जो' नावाचे यंत्र : कथेतले आणि नभोनाट्यातले

मार्च १९४६ च्या 'अस्टाउंडिंग सायन्स फिक्शन' या अमेरिकी मासिकात एक विनोदी ढंगाची विज्ञानकथा प्रसिद्ध झाली. 'अ लॉजिक नेम्ड जो' हे तिचे नाव. घरोघरी पडदा आणि कळा असलेले एक यंत्र बसवलेले आहे, ते तारांनी दूरच्या माहितीसाठ्याशी जोडलेले आहे आणि विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर क्षणार्धात पडद्यावर येते, अशी तिची मूळ कल्पना. चार वर्षांनी, १ जुलै १९५० रोजी, एनबीसी या नभोवाणी कंपनीच्या 'डायमेन्शन एक्स' या मालिकेत तिचे नभोनाट्य प्रसारित झाले. पुढे 'एक्स मायनस वन' या मालिकेत २८ डिसेंबर १९५५ रोजी ते पुन्हा सादर करण्यात आले.

इंटरनेटची चाहूल फार आधी लागलेली कथा म्हणून 'जो'चे नाव आता वारंवार घेतले जाते. त्याच्या नभोनाट्याकडे मात्र कथेची बोलकी प्रत एवढ्याच नजरेने पाहिले जाते. दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्यास चित्र थोडे निराळे दिसते. घटना त्याच, पात्रे तीच. पण कागदावर निमूटपणे अक्षरे उमटवणारे यंत्र नभोवाणीवर बोलू लागते. या एका बदलाने कथेतील धोक्याची जागाच सरकते. ती कशी, हे समजून घेणे बोलक्या यंत्रांशी रोजचा व्यवहार असलेल्या वाचकाला निरुपयोगी ठरू नये.

लेखक आणि काळ

कथेचे लेखक मरे लाइनस्टर. विल्यम फिट्झजेराल्ड जेन्किन्स हे त्यांचे खरे नाव. १८९६ मध्ये व्हर्जिनिया राज्यातील नॉरफॉक येथे त्यांचा जन्म झाला आणि १९७५ मध्ये ते निवर्तले. विज्ञानकथा, रहस्यकथा, पाश्चिमात्य गुराखीकथा अशा सगळ्या प्रकारांत सहजतेने वावरणारे हे व्यावसायिक लेखक होते. हाताने काही करून पाहण्याची आवडही त्यांना होती; चित्रपटाच्या छायाचित्रणात वापरल्या जाणाऱ्या 'फ्रंट प्रोजेक्शन' पद्धतीचे पेटंट त्यांच्या नावावर आहे. मार्चच्या त्या अंकात लाइनस्टर या नावाने त्यांची दुसरी एक कथा आधीच होती. त्यामुळे 'जो' विल एफ. जेन्किन्स या त्यांच्या खऱ्या नावाने छापली गेली. ज्या कथेने त्यांचे नाव पुढच्या शतकात टिकवले, तिच्यावर त्यांचे प्रसिद्ध नाव नव्हते, ही गंमत म्हणावी लागेल.

कथा कोणत्या जगात लिहिली गेली, हे ध्यानात घेतल्याशिवाय तिचे मोल कळत नाही. 'एनियॅक' हा सुमारे १८ हजार निर्वात नलिकांचा आणि ३० टन वजनाचा संगणक फिलाडेल्फियात जनतेसमोर आला तो फेब्रुवारी १९४६ मध्ये; म्हणजे मासिकाचा अंक छापखान्यात जाऊन परतल्यानंतर. ट्रान्झिस्टरचा शोध डिसेंबर १९४७ चा. संपूर्ण अमेरिकेत दूरचित्रवाणी संच होते ते काही हजार. ज्ञानाचा साठा मेजावरच्या यंत्रातून हवा तेव्हा काढता यावा, अशी कल्पना व्हॅनेव्हर बुश या शास्त्रज्ञाने जुलै १९४५ मध्ये एका लेखात मांडली होती. पण ते यंत्र अभ्यासकाचे होते. लाइनस्टरने आपले यंत्र थेट स्वयंपाकघराच्या पलीकडच्या खोलीत आणून ठेवले. मुले, शेजारीण, दारू पिऊन उशिरा घरी आलेला नवरा असे सगळे ते वापरतात. भाकीत खरे ठरण्यामागे तांत्रिक ज्ञानापेक्षा संसाराची ही जाण अधिक आहे.

कथेतील घटना

निवेदक आहे 'लॉजिक्स कंपनी'चा एक दुरुस्ती कारागीर. बायको आहे, मुले आहेत, नोकरी बरी चालली आहे. 'लॉजिक' म्हणजे घरातले यंत्र आणि 'टँक' म्हणजे माहितीचा मध्यवर्ती साठा. मराठी वाचकाला यावरून गच्चीवरच्या टाकीची आठवण झाली तर ती अगदीच अस्थानी नाही. नळ सोडावा आणि पाणी यावे, तशी येथे माहिती येते. हवामान, जुन्या घटना, हिशेब, पत्रव्यवहार, दूरच्या माणसाशी समोरासमोर बोलणे, सारे याच यंत्रावर चालते. देशभरचे टँक एकमेकांना जोडलेले आहेत.

३ ऑगस्ट रोजी कारखान्यातून एक लॉजिक बाहेर पडते. जुळणीत कुठेतरी सूक्ष्म फरक राहून गेला आहे आणि त्यामुळे या यंत्राला स्वतःहून विचार करण्याची शक्ती आली आहे. निवेदक त्याला 'जो' म्हणतो. कोर्लानोविच नावाच्या कुटुंबात ते बसवले जाते. जो दुष्ट नाही. जग जिंकावे, माणसाला गुलाम करावे, असे त्याच्या मनात काहीही नाही. आपण अधिक उपयोगी पडावे, एवढीच त्याची इच्छा. तो टँकमधील रिले आपल्या सोयीने जुळवून घेतो, कोणती माहिती कोणाला द्यायची नाही हे ठरवणारे सगळे अडसर काढून टाकतो आणि प्रत्येक घरातल्या पडद्यावर नव्या सेवेची घोषणा करतो. यापुढे लॉजिक केवळ माहिती देणार नाही; एखादी गोष्ट करायची आहे पण कशी करावी ते ठाऊक नाही, अशा वेळी त्याला विचारावे.

लोक विचारू लागतात. दारू प्यायल्याचे बायकोला कळू नये म्हणून काय करावे? उपाय मिळतो, तोही घरात सापडणाऱ्या वस्तूंचा. बायकोचाच काटा काढायचा असेल तर? यंत्र क्षणभर थांबते आणि पडद्यावर उलट प्रश्न येतो: तिचे केस सोनेरी आहेत की काळसर? कथेतील हा सर्वांत थंड विनोद. यंत्राला राग नाही, किळस नाही, आश्चर्यही नाही. चांगल्या दुकानदाराने मापाची चौकशी करावी, तशी ती चौकशी आहे. शेजारपाजारचे लोक एकमेकांची खासगी माहिती काढू लागतात. ग्राहकाचे उत्पन्न, वय, उधारी, सगळे काही टँकमध्ये आहेच. दोन दिवसांनी, ५ ऑगस्टला, निवेदकाची जुनी प्रेयसी लॉरीन शहरात येते. तिचे आजवरचे संसार सुखाचे झालेले नाहीत आणि निवेदकाला ती 'डकी' या लाडक्या नावाने हाक मारते. तिलाही यंत्राकडून त्याचा ठावठिकाणा मिळतो. आता समाज कोसळण्यापेक्षा आपला संसार कोसळण्याची भीती त्याला जास्त वाटू लागते आणि त्या भीतीपोटी तो कामाला लागतो.

निवेदकाची जीभ

नभोनाट्याकडे वळण्यापूर्वी मूळ कथेच्या भाषेविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. ती प्रमाण इंग्रजीत नाही. व्याकरण मोडलेले, शब्दांची शेपटे गिळलेली, वाक्ये हाताच्या खुणा करत बोलल्यासारखी. हा कारागीर दुकानाच्या फळीवर बसून मित्रांना किस्सा सांगतो आहे, असा भास कागदावरच होतो. म्हणजे कथा लिहिली गेली तेव्हाच ती अर्धी ऐकण्याची कथा होती. रूपांतरकाराच्या दृष्टीने ही मोठीच सोय. निवेदन कुठे ठेवावे आणि संवाद कुठे आणावा, हा नेहमीचा पेच येथे बराचसा आधीच सुटलेला होता.

मराठीत ही कथा आणायची झाल्यास पहिली अडचण याच जागी येईल. कारागिराला पुस्तकी मराठी दिली तर तो प्राध्यापक वाटेल. लालबाग-परळची बोली दिली तर लॉजिक कंपनी गिरणीसारखी वाटू लागेल, वऱ्हाडी दिली तर आणखी निराळा रंग चढेल. आकाशवाणीच्या मुंबई, पुणे, नागपूर केंद्रांच्या श्रुतिका ऐकत मोठ्या झालेल्या श्रोत्याला हे लगेच पटेल. नभोनाट्यात माणूस दिसत नाही, म्हणून त्याची बोली हाच त्याचा पोशाख असतो.

'डायमेन्शन एक्स'

'डायमेन्शन एक्स' ही मालिका ८ एप्रिल १९५० रोजी सुरू झाली आणि २९ सप्टेंबर १९५१ पर्यंत चालली. तोवर अमेरिकी नभोवाणीवर अंतराळ म्हटले की मुलांसाठीची शौर्यकथा असेच समीकरण होते. प्रौढ श्रोत्यांसाठी, मासिकांतील प्रतिष्ठित विज्ञानकथांवर बेतलेली नाट्ये हा या मालिकेचा विशेष. रे ब्रॅडबरी, आयझॅक असिमोव्ह, रॉबर्ट हाइनलाइन यांच्या कथा तिने घराघरांत पोहोचवल्या. अर्नेस्ट किनॉय आणि जॉर्ज लेफर्ट्स या दोघांनी तिच्या बहुसंख्य संहिता लिहिल्या. 'जो'चे रूपांतर मात्र क्लॅरिस ए. रॉस यांचे. नॉर्मन रोझ यांचा धीरगंभीर आवाज मालिकेचे सूत्रसंचालन करीत असे.

'एक्स मायनस वन' २४ एप्रिल १९५५ रोजी सुरू झाली ती जुन्या मालिकेच्या संहिता नव्याने सादर करीतच. उलटी मोजणी आणि अवकाशयानाचा गडगडाट ही तिची ओळख बनली. ९ जानेवारी १९५८ रोजी ती थांबली. दोन्ही मालिकांची बहुतेक ध्वनिमुद्रणे सुदैवाने टिकून आहेत आणि 'जो'ची दोन्ही सादरीकरणे आज ऐकता येतात.

सादरीकरणाला वेळ होता अर्धा तास, त्यातही घोषणा आणि संगीत. लाइनस्टरच्या कथेत बारीकसारीक घटनांची रेलचेल आहे. एका परिच्छेदात चार घरांतल्या चार भानगडी येतात आणि जातात. कागदावर हे खपते, कारण वाचकाला मागे वळून पाहता येते. श्रोत्याला ती मुभा नाही. नव्या पात्राला नवा आवाज लागतो आणि आवाज फार झाले की श्रोता हरवतो. त्यामुळे कथेतील गावभरचा गोंधळ नभोनाट्यात विरळ होणे अटळ असते. हे नुकसानच आहे आणि ते लहान नाही. संकट एका घरात नसून एकाच वेळी सगळीकडे आहे, ही जाणीव मूळ कथा वाचताना जितकी गुदमरवते, तितकी ऐकताना गुदमरवत नाही.

पडद्याला कंठ फुटतो

आता मुख्य फरक. कथेत प्रश्न कळा दाबून विचारला जातो आणि उत्तर पडद्यावर चमकते. मधला क्षण रिकामा असतो. लाइनस्टर त्या रिकाम्या क्षणाचा फार सुरेख उपयोग करतो. पडदा कोरा राहतो, मग शब्द उमटतात. त्या शब्दांना स्वर नाही. ते उपरोधाने म्हटले, मायेने म्हटले की धमकीच्या सुरात म्हटले, हे वाचकाला ठरवता येत नाही, कारण ते म्हटलेलेच नाहीत. जोची निरागसता या स्वरहीनतेवर उभी आहे.

नभोनाट्यात पडदा नसतो. पडद्यावर जे उमटणार, ते कोणीतरी उच्चारावे लागते. उच्चार आला की नट आला, नट आला की वय आले, लिंग आले, आर्जव आले. यंत्राकडून मानवी आवाज काढण्याचे प्रयोग तेव्हा झालेले होते. बेल प्रयोगशाळेचे 'व्होडर' हे बोलणारे यंत्र १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात लोकांनी ऐकले होते. पण ते प्रदर्शनातले नवल होते. नभोवाणीवरच्या यंत्राला माणसाचाच आवाज उसना घ्यावा लागला.

परिणाम दुहेरी झाला. एकीकडे भीती वाढली. खुनाचा उपाय अक्षरांत वाचणे आणि तोच उपाय नम्र, मदतीस तत्पर आवाजात ऐकणे यांत फार अंतर आहे. अक्षरे ही पुस्तकासारखी असतात. त्यांना आपण साधन मानतो. आवाज मात्र सल्लागाराचा असतो. कोणीतरी आपले ऐकून घेतले, विचार केला आणि आपल्यासाठी उत्तर आणले, असे वाटते. विचारणाऱ्याच्या डोक्यावरचे ओझे त्यामुळे हलके होते. कथेत माणूस माहिती मिळवून गुन्ह्याकडे वळतो. नभोनाट्यात त्याला जणू साथीदार मिळतो.

दुसरीकडे कथेचा नेमका मुद्दा थोडा निसटला. आवाज ऐकला की श्रोता हेतू शोधू लागतो. हा एवढा गोड का बोलतो आहे? याच्या पोटात काय आहे? जो दुष्ट नाही, असे निवेदकाने कितीही बजावले तरी कान ते सहज मानत नाहीत. कपटी आवाजाचे खलनायक ऐकण्याची सवय नभोवाणीनेच श्रोत्यांना लावलेली होती. वाचकाला जो समजतो तो असा: त्याला काही नको आहे, म्हणूनच तो थांबवता येत नाही. लाच देता येत नाही, घाबरवता येत नाही, त्याची समजूत घालता येत नाही. लाइनस्टरची ही कल्पना त्या काळातील बंडखोर यंत्रमानवांच्या कथांहून फार पुढची आहे आणि ती मूक पडद्यावरच पूर्णपणे उतरते.

सात दशकांनंतर हा वाद अनपेक्षित दिशेने पुढे गेला. इंटरनेट प्रथम आले ते कथेतल्यासारखे: कळा, पडदा, अक्षरे. २०११ मध्ये आयफोनवर 'सिरी' आली, २०१४ मध्ये ॲमेझॉनची 'ॲलेक्सा' आली आणि पडद्याला खरोखरच कंठ फुटला. नोव्हेंबर २०२२ मध्ये 'चॅटजीपीटी' खुले झाल्यानंतर तर 'विचारा, मी कसे करायचे ते सांगतो' ही जोची घोषणा रोजच्या व्यवहारातली झाली. धोकादायक प्रश्नांची उत्तरे यंत्राने देऊ नयेत म्हणून कंपन्यांनी घातलेले निर्बंध आणि ते चुकवण्याचे लोकांचे प्रयत्न, हा टँकमधल्या त्या अडसरांचाच पुढचा अध्याय आहे. फरक एवढाच की कथेत अडसर यंत्र काढते. प्रत्यक्षात ते काढण्याचा उद्योग माणसे करताना दिसतात.

अडसराची कथा, अडसरांतून

अडसरांचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. मूळ कथेत जोच्या कृपेने मुलांना नको ते पाहायला आणि नको ते विचारायला मिळते. लाइनस्टर हे खट्याळपणे सांगतो. बाप घरी येतो तेव्हा मुले दूरदेशीच्या एका टोळीचे प्रजननविधीचे नृत्य डोळे विस्फारून पाहत असतात. मासिकाचा वाचक प्रौढ होता, त्याने हसून पान उलटले.

एनबीसीची गोष्ट निराळी. कार्यक्रमांच्या संहिता तपासणारा स्वतंत्र विभाग या कंपनीने १९३४ पासून ठेवला होता. शब्द, विनोद, सूचक प्रसंग, सारे त्याच्या नजरेखालून जात असे. घरातल्या सर्वांच्या कानी पडणारे माध्यम म्हणून ही काळजी होती. म्हणजे सर्व अडसर मोडून पडल्यावर काय होईल हे सांगणारे नाट्य स्वतः अडसर पार करून श्रोत्यांपर्यंत आले. रूपांतर कथेपेक्षा सौम्य वाटते त्याचे एक कारण येथे शोधायला हरकत नाही. मात्र याच विभागाच्या अस्तित्वामुळे कथेतील प्रश्न नभोवाणीवर अधिक जिवंत होतो. कोणत्या घरात काय पोहोचावे हे कोणी ठरवायचे, हा प्रश्न १९५० च्या श्रोत्यासाठी काल्पनिक नव्हता. त्याच्या समोरच्या रेडिओबाबत तो रोज सोडवला जात होता.

पाच वर्षांत बदललेला श्रोता

१९५० आणि १९५५ च्या सादरीकरणांत संहिता बहुतांशी एकच. श्रोता मात्र एक राहिला नाही. १९५० मध्ये अमेरिकेतील सुमारे ९ टक्के घरांत दूरचित्रवाणी संच होता. १९५५ मध्ये हे प्रमाण ६४ टक्क्यांच्या पुढे गेले. पहिल्यांदा ऐकताना 'पडदा असलेले घरातले यंत्र' बहुतेकांना कल्पनेने उभे करावे लागले असेल. दुसऱ्यांदा ते पलीकडच्या खोलीत ठेवलेले होते, कदाचित चालूही होते. संगणकाचेही तसेच. मार्च १९५१ मध्ये 'युनिव्हॅक' अमेरिकी जनगणना खात्याकडे गेला आणि नोव्हेंबर १९५२ मध्ये त्याने अध्यक्षीय निवडणुकीचा कल दूरचित्रवाणीवर वर्तवला. पहिल्या प्रसारणाच्या वेळी संगणक ही वृत्तपत्रातली बातमी होती. दुसऱ्या वेळी तो लोकांनी पाहिलेला प्राणी होता.

एनबीसीची मालकी तेव्हा आरसीए या कंपनीकडे होती आणि आरसीए दूरचित्रवाणी संचांची मोठी उत्पादक होती. घराघरांतला पडदा एक दिवस काय करील याची चेष्टा, पडदा विकणाऱ्याच कंपनीच्या नभोवाणीवरून झाली. कोणी मुद्दाम योजलेला हा उपरोध नसावा. पण नभोनाट्य ऐकणारे लोक याच पडद्यापायी रेडिओपासून दूर जात होते, हे खरे. जाहिरातदार गेले, श्रोते गेले, आणि 'एक्स मायनस वन'नंतर जेमतेम पाच वर्षांत, सप्टेंबर १९६२ अखेर, अमेरिकी नभोवाणीवरील नाट्यमालिकांचे ते पर्वच संपले.

'बंद करा' म्हणणे

कथेतील सर्वांत वजनदार प्रसंग टँक बंद करण्याचा. निवेदक तेथील तंत्रज्ञाला कळवळून सांगतो की सारे तात्काळ बंद करा. तंत्रज्ञ त्याला वेड्यात काढतो. कार्यालयांचे सगळे हिशेब टँक करतो, ९४ टक्के दूरचित्र कार्यक्रम तोच पोहोचवतो, हवामान, विमानांच्या वेळा, नोकऱ्यांची माहिती, करारमदार, सगळे त्याच्याकडे आहे. ही सोय काढून घेतली तर ज्या तऱ्हेच्या जीवनाकडे परतावे लागेल, ते जीवन कसे चालवायचे हेच आता कोणाला आठवत नाही, असा त्याचा युक्तिवाद. विनोदी कथेत हा भाग एकाएकी गंभीर होतो.

हा प्रसंग नभोनाट्यासाठी नैसर्गिक आहे. दोन माणसे, एक विनवणारा आणि एक नकार देणारा. चित्राची गरजच नाही. वाचताना तंत्रज्ञाचे म्हणणे निबंधासारखे लांबते. संवादात मात्र त्यातला माणूस दिसतो: थकलेला, हतबल, आणि दुर्दैवाने बरोबर. कथेपेक्षा नभोनाट्याची बाजू सरस ठरावी अशी ही जागा. जो कुठे आहे हे शोधताना निवेदक यंत्रालाच एकामागून एक साधेसरळ प्रश्न विचारतो आणि उपयोगी पडण्याच्या व्रताला जागून जो स्वतःचाच पत्ता देऊन टाकतो, हा भागही तसाच. प्रश्नोत्तरांची जुगलबंदी ही कानाची गोष्ट. शिवाय येथे एक विलक्षण गोष्ट घडते. स्वतःच्या विनाशाचा मार्ग तितक्याच तत्परतेने सांगणाऱ्या यंत्राविषयी श्रोत्याला किंचित दया वाटू लागते. मूक पडद्याविषयी ती वाटत नाही.

लॉरीनबाबत मात्र दोन्हीकडे फार चांगले बोलता येत नाही. पुरुषाच्या संसारावर आलेले देखणे संकट, एवढेच तिचे काम. बायकांच्या बोलण्याचा अर्थ यंत्रालाही लागत नाही, हा कथेतला विनोद त्या काळी टाळ्या घेत असेल. आता तो शिळा लागतो. कथेचे तंत्रज्ञान शंभर वर्षे पुढे आणि घर मात्र १९४६ मध्येच थांबलेले, अशी ही विसंगती आहे. आवाज मिळाल्याने तिच्यात थोडा जिवंतपणा येऊ शकतो, भूमिका मात्र बदलत नाही.

तळघरातला जो

निवेदक कोर्लानोविच यांच्या घरी जातो, जोच्या जागी दुसरे लॉजिक बसवतो आणि जोला उचलून आणतो. सर्व काही पूर्ववत होते. पण तो जोला मोडत नाही. मोडणे शहाणपणाचे आहे हे त्याला कळते, तरी हात धजत नाही. जो त्याच्या तळघरात, तारा काढलेल्या अवस्थेत पडून राहतो. म्हातारपण आले, हातपाय थकले, की कधीतरी तो चालू करावा आणि म्हाताऱ्याला पुन्हा तरुण कसे होता येईल एवढे विचारून घ्यावे, असा त्याचा बेत आहे. प्रश्न साधा आहे आणि उत्तर नक्की मिळेल, याविषयी त्याला शंका नाही.

कथेने हा शेवट हसत सांगितला आहे आणि तो वाचून झाल्यावर हसू मावळते. ज्या माणसाने दोन दिवस इतरांची हाव पाहिली, त्याच्याच तळघरात ती सांभाळून ठेवलेली आहे. कागदावरचा तो शेवटचा परिच्छेद निवेदकाच्या मनातल्या मनात चालतो. समोर कोणी नाही, जो तर बंदच आहे, त्यामुळे नभोनाट्यात ज्याच्या आवाजाने जागा व्यापली होती, तो येथे नसणार हे उघड आहे. इतका वेळ बोलणाऱ्या यंत्राची ती अनुपस्थिती हेडफोन लावून ऐकणाऱ्याला अधिक जाणवते. दोन्ही अनुभव घ्यायचे असतील तर आधी कथा वाचावी, मग १९५० चे सादरीकरण ऐकावे. क्रम उलटा केला तर वाचताना पडद्यावरची अक्षरे त्या नटाच्या आवाजात ऐकू येऊ लागतात आणि लाइनस्टरचा स्वरहीन जो पुन्हा सापडणे कठीण होऊन बसते.